‘नागरी’ म्हणजे ‘शहरी’च ना?

वरळीच्या एका ताईंनी विचारलं आहे: पुनर्विकासाची माहिती देणाऱ्या एका मराठी पत्रकात 2011च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांचे नियम) अधिसूचनेचा हवाला देऊन आमची इमारत ‘नागरी क्षेत्रात’ आणि शेजारचा कोळीवाडा ‘ग्रामीण’ असं छापलंय. वरळीत ग्रामीण कुठून आलं? आणि नागरी म्हणजे शहरीच ना?

ताई, तुमची शंका रास्त आहे. ‘ग्रामीण’ हा शब्द तिथे चुकलाच आहे.

आधी नागरी-शहरी. आपण शहरी माणूस, शहरी राहणी म्हणतो; नागरी माणूस कुणी म्हणत नाही. उलट बँक मात्र नागरी सहकारी, आणि 1976चा कायदाही नागरी कमाल जमीन धारणेचा. शहरीपण डोळ्यांना दिसतं, नागरीपण कागदावर ठरतं. तेव्हा कायद्याच्या मजकुरात ‘नागरी’च योग्य.

पण सीआरझेडला नुसतं नागरी असून भागत नाही. त्यात किनाऱ्यालगतच्या जागांचे गट पाडले आहेत. त्यातला दुसरा गट, सीआरझेड-2, विकसित भागाचा. जागा पालिकेच्या हद्दीत किंवा कायद्याने नागरी ठरवलेल्या क्षेत्रात हवी, शिवाय ती बऱ्याच अंशी बांधीव हवी, आणि रस्ते, गटारं, पाणी, मलवाहिन्या पोचलेल्या हव्यात. ‘बऱ्याच अंशी’ म्हणजे किती, यावर वाद व्हायला भरपूर वाव होता. 2019च्या अधिसूचनेने तिथे आकडा घातला: एकूण भूखंडांपैकी 50 टक्क्यांहून जास्त भूखंड बांधलेले असावेत. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण विशेषणाच्या जागी मोजता येणारी गोष्ट आली.

आता तिसरा गट, सीआरझेड-3. त्यात ग्रामीण किनारा येतो हे खरं, पण पालिकेच्या हद्दीतली, फारशी बांधीव नसलेली जागाही त्यातच येते. म्हणजे ‘तिसरा गट’ आणि ‘ग्रामीण’ हे समानार्थी नाहीतच. कोळीवाड्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. 1981च्या विकास आराखड्यात किंवा राज्य शासनाच्या नोंदींत असलेल्या मासेमार वस्त्या नकाशावर आखून तिसऱ्या गटात धराव्यात, अशी बृहन्मुंबईसाठी 2011 साली खास तरतूद झाली. स्थानिक नगररचनेच्या नियमांनुसार तिथल्या लोकांना घरं बांधता यावीत, पुन्हा उभी करता यावीत, हा तिचा हेतू. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहिलेल्या माणसांना भाषांतराच्या घाईत ‘ग्रामीण’ करून टाकणं मला खुपतं.

जाता जाता, मूळ इंग्रजीतल्या ‘बिल्ट-अप’ या शब्दाचंही भान ठेवायला हवं. किनाऱ्याच्या नियमांत तो शब्द जमिनीला लागतो, तिथे ‘बांधीव’ म्हणावं. 2006च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत इमारत प्रकल्पांना 20,000 चौरस मीटरपासून मंजुरी लागते, ते मात्र मजल्यांचं क्षेत्रफळ. त्याला ‘बांधकाम क्षेत्रफळ’ म्हणावं.

पत्रक दुरुस्त करणार असाल तर एवढं पुरे: ‘शेजारील कोळीवाडा पालिकेच्या हद्दीत असून, 2011च्या अधिसूचनेतील बृहन्मुंबईसाठीच्या खास तरतुदीनुसार सीआरझेड-3 मध्ये धरला होता.’