बेळगावात फौजदारी वकिलांकडे इंटर्नशिप : कन्नड वाचता येत नसेल तर?

प्रश्न विचारणारी मुलगी खानापूर तालुक्यातली आहे. तीन वर्षांच्या एलएलबीचं दुसरं वर्ष, शाळा मराठी माध्यमातली, आणि बेळगावातल्या एका फौजदारी वकिलांकडे महिनाभराची इंटर्नशिप ठरलेली. तिला तीन शंका आहेत. कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, मग नुसत्या फायली उचलायला लावतील का? त्यापेक्षा बंगळुरूच्या फर्मची ऑनलाइन इंटर्नशिप बरी का? आणि आरोपीच्या बाजूनं काम करायचं हे मनाला कसं पटवायचं? वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस.

ऑनलाइनचं आधी संपवते. नको. घरी बसून चार निकालांचे सारांश लिहिशील आणि सर्टिफिकेट येईल, पण साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिल्यावर कोर्टात काय होतं ते कळणार नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला एकूण किमान १२ आठवडे भरावे लागतात, सलग चार आठवड्यांच्या वर चालत नाही, आणि ट्रायल व अपील अशा दोन्हीकडच्या वकिलांकडे एकदा तरी जावं लागतं. ट्रायल बेळगावात कर. पुढच्या सुट्टीत धारवाडला हायकोर्टाच्या खंडपीठात कुणाकडे तरी जा, आपल्या जिल्ह्याची अपिलं तिथंच जातात.

आता फायली. उचलाव्या लागतील, होय की. पण उचललेली फाईल उघडून वाचायला तुला कुणी अडवणार नाही, आणि फौजदारी वकिली बरीचशी तिथंच आहे.

समज, बांधावरच्या भांडणाची केस आहे. आपल्या भागात तशा ढिगानं असतात. एका कोऱ्या कागदावर फक्त वेळा लिहून काढ : घटना कधीची, जखमी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये कधी पोचला, एमएलसी (दवाखान्यातली पोलीस-केसची नोंद) कधी झाली, एफआयआर किती वाजता नोंदला, त्याची प्रत मॅजिस्ट्रेटांकडे कधी पोचली, आरोपीला कधी धरलं, पंचनामा कधी झाला. फिर्यादीत घटना संध्याकाळी सहाची आणि सिव्हिलच्या रजिस्टरला जखमी साडेपाचलाच दाखल, असलं काही निघालं की तुझे सर खुर्चीत सावरून बसतील. मग जखमांचा दाखला घे. फिर्यादी म्हणतो कोयत्यानं मारलं, डॉक्टरांनी लिहिलंय बोथट हत्यार. हे शोधायला कलमं पाठ असायची गरज नाही, कागद सावकाश वाचायची सवय लागते.

भाषेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सीमाभागातल्या मुलांना भीती वाटते ती इथंच आणि त्यांचा उपयोगही इथंच होतो.

साक्षीदार खानापूरकडचा, मराठी बोलणारा. ठाण्यात त्याचा जबाब लिहून घेतला जातो कन्नडमध्ये. त्यावर त्याची सही नसते, कायद्यानंच ती घ्यायची नसते (बीएनएसएस म्हणजे नवा फौजदारी प्रक्रिया कायदा, त्याचं कलम १८१, जुन्या सीआरपीसीचं १६२). पुढे कधीतरी तो कोर्टात येतो, मराठीत सांगतो, दुभाषी किंवा न्यायाधीश स्वतः समजून घेतात आणि साक्ष कन्नड किंवा इंग्रजीत टाइप होते. साक्षीदार म्हणाला, ‘बॅटरीच्या उजेडात ह्याला ओळखलं.’ सरांनी पोलीस जबाब काढला, त्यात बॅटरीचं नावच नाही. उलटतपासात ते त्याच्यासमोर ठेवलं की उत्तर ठरलेलं : ‘मी सांगितलं होतं, त्यांनी का लिहिलं नाही माहीत नाही.’ गोष्ट तिथं संपत नाही. तपास अधिकाऱ्याची साक्ष होते तेव्हा त्यालाही विचारावं लागतं की ह्यानं तुम्हाला असं सांगितलं होतं का. तो ‘नाही’ म्हणाला म्हणजे ती उणीव शाबीत झाली. ती किती महत्त्वाची हे नंतर युक्तिवादात. सुप्रीम कोर्टाचा १९५९ चा तहसीलदार सिंग निकाल ह्याच विषयावरचा आहे. तो एकदा मुळातून वाच, गाइडमधून नको.

ह्यात तुझं काम काय? साक्ष चालू असताना मागच्या बाकावर बसून साक्षीदार जे मराठीत बोलला ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. सर प्रश्न विचारण्यात गुंतलेले असतात, त्यांना सगळं टिपता येत नाही. टाइप झालेली साक्ष आणि तुझी वही संध्याकाळी शेजारी ठेवून बघितली, तर काय गळलं ते त्याच दिवशी कळतं. बंगळुरूहून आलेल्या इंटर्नला हे जमायचं नाही.

कन्नड मात्र वाचायला शीक, त्याला सुटका नाही. पण तुला वाटतं तेवढं अवघड नाही. अडचण लिपीची आहे. फिर्यादी, आरोपी, पंचनामा, जप्ती, जामीन, दिनांक हे सगळे शब्द थोड्याफार फरकानं त्या कागदांतही आहेत. एफआयआरपासून सुरुवात कर, त्याचे रकाने ठरलेले असतात. मग पंचनामे घे. जबाब शेवटी, आणि सुरुवातीला क्लार्कना शेजारी बसवून वाच. ऑफिसातले जुने क्लार्क हे तुझे दुसरे गुरू आहेत. त्यांना ‘अहो मामा’ म्हण, चहा विचार, आणि मुदतीचं विचार.

मुदतीचं म्हणजे असं. आरोपी आत असेल आणि ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो (बीएनएसएस १८७(३)). फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं अन् त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ९०, बाकीच्यांना ६०. मोजायला सुरुवात अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून (मॅजिस्ट्रेटांनी कोठडी दिल्यापासून), आणि तो रिमांडचा दिवसही धरायचा, हे सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. चार्जशीट दाखल व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे, एका दिवसानं हक्क जातो. हिंडलग्याच्या तुरुंगात असलेल्या प्रत्येक पक्षकाराची ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेव.

कलमांचा सध्या सगळीकडे गोंधळ आहे. १ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर आयपीसी (जुनी दंड संहिता), नंतरचा असेल तर बीएनएस (नवी न्याय संहिता), आणि एकाच सकाळी एकाच कोर्टात दोन्ही चालतात. खून ३०२ चा १०३(१) झाला, खुनाचा प्रयत्न ३०७ चा १०९, फसवणूक ४२० चा ३१८(४). आमच्या तोंडून अजून ३०२ च येतं, पण नव्या कायद्यात ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारे शब्द! प्रक्रियेच्या कायद्यातल्या ४८२ चंही तसंच. पूर्वी हायकोर्टात केस रद्द करायला ४८२ लावायचो, आता ते ५२८, आणि ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. अर्ज टाइप करताना हे दोनदा बघ.

हद्दीची भानगड पुस्तकात कमी भेटते. गुन्हा बेळगावच्या ठाण्यात आणि आरोपी महाराष्ट्रातल्या चंदगडचा, असं नेहमी होतं. त्याला तात्पुरता अटकपूर्व जामीन स्वतःच्या भागातल्या कोर्टातून मागता येतो, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, प्रिया इंदोरिया विरुद्ध कर्नाटक, २०२३. पुढे जामीनदाराची पंचाईत होते. पलीकडच्या जमिनीचा उतारा इथं चालवून घेताना खळखळ होते, म्हणून बेळगावातले पाहुणे शोधत फिरावं लागतं.

आरोपीच्या बाजूचं. कोर्टाच्या रोजच्या बोर्डावर (केसेसच्या यादीत) खुनी फार नसतात. पत्त्यांचा अंदर-बाहर जुगार खेळताना धरलेले, कर्नाटक पोलीस कायद्याच्या ७८(३) खालचे मटकेवाले, गोव्याची दारू आणताना चोर्ला घाटाच्या रस्त्यावर सापडलेले, गावातल्या मोर्चात नाव घातलेली पोरं. ह्यांच्यासाठी उभं राहायला मनाची फार तयारी लागत नाही. गंभीर केस आली आणि नको वाटलं, तर सरांना सरळ सांग. समजूतदार वकील इंटर्नला बलात्काराच्या फाईलवर जबरदस्तीनं बसवत नाहीत. बसवत असतील तर ऑफिस बदल.

एक गोष्ट मात्र कडक पाळ. पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं बाहेर काढायचं नाही, हे बंधन ऑफिसातल्या क्लार्क-नोकरांनाही आहे (नवा पुरावा कायदा, बीएसए, कलम १३२). तूही त्यातच धर. चार्जशीटचा फोटो मोबाईलमध्ये नको, स्टेटस तर नकोच. खानापूरच्या बसमध्ये ओळखीची मावशी विचारणारच, ‘आमच्या भाच्याचं काय झालं गं?’ ‘सरांना विचारा मावशी,’ एवढंच म्हणायचं, आणि खिडकीबाहेर बघायचं.

पांढरा ड्रेस, काळा कोट, बंद बूट. बँड आणि गाऊन सनद मिळाल्यावर. ऑफिसचं खरं काम संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर असतं आणि तुला बस गाठायची आहे, तेव्हा वेळेचं पहिल्याच दिवशी बोलून घे, त्याऐवजी सकाळी लवकर ये. आणि त्याच दिवशी सरांकडून निकाल लागलेली एक सेशन्स केस मागून घे, शक्यतो निर्दोष सुटलेली. निकालपत्र बाजूला ठेवून आधी एफआयआर, जबाब, साक्षी वाच, आरोपी का सुटला असेल ते तुझं तू लिही, आणि मगच निकाल उघड.