हिवाळ्यात पक्षी हवे असतील तर दाण्यांआधी पाणी ठेवा

तुमचा प्रश्न असा, की हिवाळ्यात घरामागे रोज दाणे टाकूनही कबुतरं आणि चार-दोन चिमण्यांपलीकडे कोणी फिरकत नाही, मग बाकीचे पक्षी यावेत म्हणून काय करायचं?

दाणे टाकले की दाणे खाणारेच येतात, आणि त्यांत कबुतरं सगळ्यात धीट. हिवाळ्यात स्थलांतर करून येणारे छोटे पाहुणे, म्हणजे धोबी, थिरथिऱ्या, वटवट्ये, हे मुख्यतः कीटकांवर जगतात. त्यांच्यापुढे बाजरीची रास घातली तरी ते तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. पाणी मात्र यांतल्या बहुतेकांना लागतं, प्यायला आणि आंघोळीलाही. थंडीत आंघोळ कशाला, असं वाटेल. पण पिसं स्वच्छ आणि नीट बसलेली असली तरच ती फुगवून आत हवा कोंडता येते, आणि ती कोंडलेली हवाच पक्ष्याची खरी रजई.

तेव्हा मी असतो तर दाणे निम्म्यावर आणून पाण्याकडे लक्ष दिलं असतं. पसरट, उथळ भांडं घ्या. पाणी दोन ते पाच सेंटीमीटर पुरे. तळ खडबडीत हवा. भांडं गुळगुळीत असेल तर एक-दोन चपटे दगड टाका, म्हणजे छोट्या पक्ष्यांना पाय रोवता येतील. वर एखादी बाटली टांगून बुडाला बारीक भोक पाडलं आणि थेंब थेंब पाणी पडू दिलं, तर फार फरक पडतो. पाणी हललं की ते चमकतं, वाजतं आणि दुरून कळतं. पाणी रोज बदला, नाहीतर डासांची पैदास होईल. जिथे पाणी गोठतं तिथे सकाळी कोमट पाणी घाला. मीठ किंवा कसलंही रसायन घालू नका.

भांडं कुठे ठेवता हेही महत्त्वाचं. झुडपाला अगदी चिकटून ठेवलं तर मांजर दबा धरून बसतं. अगदी उघड्यावर ठेवलं तर लाजरे पक्षी खाली उतरतच नाहीत. झुडपापासून दोन-तीन मीटर हे अंतर मला बरं वाटतं. काचेच्या खिडक्या असतील तर भांडं किंवा फीडर (दाणे ठेवायचं पात्र) खिडकीपासून एक मीटरच्या आत ठेवा, नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे. मधलं अंतर सगळ्यात घातक, कारण घाबरून उडालेला पक्षी तोवर पूर्ण वेगात आलेला असतो आणि काचेत दिसणाऱ्या झाडाच्या प्रतिबिंबावर आदळतो.

कीटकभक्षींसाठी अंगण थोडं कमी झाडा. सुकलेला पाला एका कोपऱ्यात पडू द्या, त्याखाली कोळी, किडे, अळ्या टिकतात. दयाळ असा पाला उलथत बसतो. कीटकनाशक फवारत असाल तर ते आधी बंद करा, त्याशिवाय बाकी खटपटीला अर्थ नाही. गवताचे तुरे कापू नका, त्यांना बी धरू द्या. मुनियांना जमिनीवरच्या दाण्यांपेक्षा काडीवर लटकून बी खाणं जास्त आवडतं. फुलझाडं असतील तर सूर्यपक्षी न बोलावता येतात, साखरपाणी ठेवायची गरज नाही.

दाणे ठेवायचेच असतील तर थोडे, म्हणजे दिवसभरात संपतील एवढेच. खारवलेलं काही नको. पावाने पोट भरतं, पोषण मिळत नाही. बुरशी आलेले शेंगदाणे तर विषच. फीडर नियमित घासा, धुऊन पूर्ण वाळवा. हे मी उगाच सांगत नाही. ब्रिटनमध्ये २००५ नंतर बागांमध्ये येणाऱ्या ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या एका परजीवीच्या साथीने प्रचंड घटली, आणि हा रोग दूषित दाण्या-पाण्यातून पसरतो. आजारी, पिसं फुलवून सुस्त बसलेला पक्षी दिसला तर काही दिवस सगळं उचलून ठेवा.

आता बघण्याबद्दल. सकाळी ऊन पडल्यावरचा पहिला तास आणि मावळतीआधीचा तास सोडू नका. छोट्या पक्ष्याची साठवलेली चरबी थंडीच्या एका रात्रीत बरीचशी जळते, म्हणून उजाडताच त्याला खाणं शोधावं लागतं. रोज एकाच जागी, एकाच खुर्चीवर बसा, तुमची त्यांना सवय होते. दुर्बीण घ्यायची तर ८ × ४२ घ्या, म्हणजे आठपट वर्धन आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. जास्त वर्धन असलं की हाताची थरथर जास्त जाणवते, दृश्य अरुंद होतं आणि फांदीतला पक्षी सापडत नाही. घरामागे तर जवळचं स्पष्ट दिसणं जास्त कामाचं, ते विकत घेण्याआधी तपासा.

ओळखताना रंगाच्या मागे लागू नका. हिवाळ्यात बरेच पक्षी मळकट दिसतात आणि गाणंही सहसा बंद असतं. लकब बघा: धोबी चालता चालता शेपटी वरखाली करतो, थिरथिऱ्याची शेपटी बसल्या जागी थरथरते. झुडपातून नुसतं ‘चक्, चक्’ ऐकू आलं आणि पक्षी दिसत नसेल तर बहुधा वटवट्या. वटवट्यांच्या जाती ओळखणं जाणकारांनाही छळतं, तेव्हा सुरुवातीला ‘वटवट्या’ एवढंच लिहून पुढे जा. कधी आठ-दहा पक्षी एकत्र, तेही वेगवेगळ्या जातींचे, झाडावरून झाडावर सरकताना दिसतील. पहाऱ्याला जास्त डोळे मिळतात म्हणून ते असा मिश्र थवा करतात. आणि सगळे अचानक गप्प झाले तर वर बघा, शिक्रा आलेला असू शकतो.

नोंदी ठेवायची सवय लागली की फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये भाग घ्या. १९९८ मध्ये सुरू झालेली ही गणना आता जगभर होते. चार दिवसांत कधीही, निदान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसलेले पक्षी मोजायचे आणि यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. साधे, नेहमीचे पक्षीही त्यात मोजायचे असतात. ज्याची ओळख पटली नाही तो मात्र अंदाजाने भरू नका.