ता. क. मधली ओळ

ताई, वय ६३, तासगाव तालुक्यात राहतो, माध्यमिक शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालो. दोनेक वर्षं रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं. उठलो तरी धार लगेच सुटत नाही, बारीक येते, शेवटी थेंब थेंब. संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद केलं, तरी फरक नाही. आमची मंडळी म्हणते, वय झालं, चालायचंच. एक मित्र म्हणाला, प्रोस्टेटचा कॅन्सर असेल. तेव्हापासून उरलीसुरली झोपही गेली. पुढच्या महिन्यात पुण्याला भाचीचं लग्न आहे, एसटीत इतके तास कसे काढू? घरात सून आहे, विषय काढायची लाज वाटते.
ता. क. दिवाळीच्या सुमारास एकदा लघवी लाल झाली होती. दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप थांबलं. बीट खाल्लं होतं, त्यामुळेच असेल. पूर्वी बिडी ओढायचो, आता बंद आहे.

दादा,

अख्खं पत्र तुम्ही झोपेवर खर्च केलंत आणि जे सगळ्यांत आधी सांगायचं ते ता. क. मध्ये उरकलंत. म्हणून मी तिथूनच सुरू करते.

लघवीतून रक्त एकदाच गेलं आणि आपोआप थांबलं, तरी दाखवायचंच. दुखलं नाही म्हणून तर नक्कीच. मूतखडा असता तर बहुधा कळा आल्या असत्या, जंतुसंसर्ग असता तर आग झाली असती. न दुखता रक्त जाण्यामागे कधीकधी मूत्राशयातली गाठ असते, आणि अशी गाठ एकदा रक्त दाखवून महिनोन्‌महिने गप्प राहू शकते. बिडी सोडलीत हे उत्तम केलंत. पण धुरातली घातक द्रव्यं रक्तातून लघवीत उतरतात आणि मूत्राशयात साठून राहतात, त्यामुळे पूर्वी ओढणाऱ्यांनाही हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. बिटाने काहींची लघवी लालसर होते, हे खरं. वाढलेल्या प्रोस्टेटमधूनही रक्त येतं, तेही खरं. तुमच्या बाबतीत यातलं काय, हे सोनोग्राफीने आणि गरज पडल्यास दुर्बिणीने मूत्राशय आतून बघून ठरेल. लग्नाच्या आधी, याच आठवड्यात जा. मिरज तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. सतारीइतकंच ते गाव डॉक्टरांसाठी नावाजलेलं, हे मी तुम्हाला काय सांगावं! युरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरांकडे, गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला, ‘लघवीतून रक्त गेलं होतं.’ धारेचं नंतर.

आता धारेबद्दल. वहिनींचं निम्मं बरोबर आहे. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती असते. वयाबरोबर ती वाढते. साठीतल्या जवळपास निम्म्या पुरुषांची वाढलेली असते. वाढली की नलिका दाबली जाते. मग धार सुरू व्हायला वेळ लागतो, जोर राहत नाही, पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटत नाही आणि रात्री उठावं लागतं. ही वाढ कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा काहीच त्रास देत नाही, त्यामुळे नुसत्या बारीक धारेवरून मित्राने केलेलं निदान सोडून द्या. तपासण्या काय म्हणतात ते बघू. वहिनींचं चुकतं ते ‘चालायचंच’ या शब्दात. यावर चांगली औषधं आहेत.

एक काम मात्र तुमच्यासारख्या मास्तरांनाच नीट जमेल. तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता काय प्यालात, किती वाजता लघवीला गेलात, मापाच्या भांड्यात किती मिली भरली. चोवीस तासांतल्या लघवीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग झोपेच्या वेळातच होत असेल, तर दोष एकट्या प्रोस्टेटचा नाही. साखर वाढलेली असेल, पायांवर दिवसभर साचलेली सूज आडवं झाल्यावर उतरत असेल, घोरता घोरता श्वास अडकत असेल, किंवा रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी तुम्ही संध्याकाळी घेत असाल. स्वतःहून गोळीची वेळ बदलू नका, डॉक्टरांना विचारा. आणि पाचपासून पाणी तोडणं बंद करा. लघवी घट्ट झाली की मूत्राशय आणखी चिडतं. दिवसा पोटभर प्या, झोपण्याआधीचे दोन तास आवरा, रात्रीच्या जेवणानंतरचा चहा सोडा.

तपासणीत लघवी, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी होईल. लघवी करून आल्यावर आत किती उरते तेही बघतील. पीएसए ही प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय आहे का ते बघणारी रक्ततपासणी सांगतील. तो आकडा नुसत्या वाढीने किंवा संसर्गानेही चढतो, रिपोर्ट हातात पडताच मित्राला फोन करू नका. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासतील. अवघडल्यासारखं होतं, पण मिनिटभरात आटोपतं. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने काही दिवसांतच धार सुधारू लागते, मात्र झटकन उठलं तर चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर या गोळीचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. ग्रंथी लहान करणाऱ्या गोळ्यांना मात्र सहा महिने द्यावे लागतात. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून यातलं काहीही आणू नका.

काही गोष्टींत आठवड्याचीही वाट बघायची नाही. लघवी पूर्ण तुंबली आणि ओटीपोट फुगून दुखू लागलं, थंडी वाजून तापासोबत जळजळ झाली, रक्ताच्या गाठी पडल्या, किंवा कंबर दुखून पायांतलं बळ गेलं नि बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच तासाला दवाखाना, मध्यरात्र असली तरी. झोपेत नकळत अंथरूण ओलं होऊ लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच जा. आत साठून ओसंडणारी लघवी मूत्रपिंडं बिघडवते. आणि सर्दीची कुठलीही गोळी दुकानातून मागून घेऊ नका. त्यातल्या काही औषधांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडते.

सुनेला काही सांगायची गरज नाही. पण वहिनींना रक्ताचं सांगितलेलं दिसत नाही. ते आज रात्रीच सांगा आणि दवाखान्यात त्यांना सोबत न्या. आपले पुरुष डॉक्टरांसमोर ‘तसं ठीक आहे’ म्हणून उठतात. खरं काय ते शेजारी बसलेली बायको सांगते.

लग्नाला जरूर जा. गाडीत पुढची, वाटेकडेची जागा घ्या आणि चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवा, मध्ये थांबवावं लागेल म्हणून. त्याला रोज कुणी ना कुणी हेच सांगत असतं.