फुकुशिमातून 0.7 ग्रॅम काढायला एवढा पैसा? रोबोटांवरचा खर्च वाया गेला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फुकुशिमा अणुवीज केंद्रातल्या 2011 च्या अपघातानंतर जपानने रोबोटांवर वर्षानुवर्षं पैसा ओतला आणि 2024 मध्ये हाती काय आलं, तर वितळून थिजलेल्या अणुइंधनाचा 0.7 ग्रॅमचा खडा. हा पैसा देतं कोण, आणि तो पाण्यात गेला की नाही?

मी चाकणला वेल्डिंग रोबोटांच्या लाइनवर आहे. अणुभट्टी आतून पाहिलेली नाही, पण रोबोटला पैसा कसा मंजूर होतो ते रोज बघतो. नवा रोबोट मागितला की साहेबांचा पहिला प्रश्न, "किती महिन्यांत वसूल?" उत्तर देता येतं, कारण तो एकच टाका दिवसाला हजारो वेळा मारणार असतो. फुकुशिमातल्या रोबोटला एकच काम करायचं असतं, बहुतेक वेळा एकदाच, आणि तेही अपघातानंतर कुणी पाय न ठेवलेल्या जागेत. गिऱ्हाईक एक, दुसरी ऑर्डर नाही. हा हिशोब घेऊन बँकेत गेलात तर चहासुद्धा मिळायचा नाही. म्हणून पैसा सरकार देतं किंवा वीज कंपनी. अपघातग्रस्त भट्ट्या हटवण्याचा खर्च टेपको या वीज कंपनीच्या डोक्यावर आहे, पण त्यासाठीच्या अवघड संशोधनाला जपानचं उद्योग मंत्रालय अनुदान देतं. ब्रिटनमध्ये 2005 पासून जुनी अणुकेंद्रं आवरायला वेगळं सरकारी प्राधिकरणच आहे. 2021 मध्ये टेपको, हे प्राधिकरण आणि ब्रिटनचा संशोधन निधी यांनी सारखा वाटा घालून लाँगऑप्स नावाचा 1.2 कोटी पौंडांचा, चार वर्षांचा प्रकल्प काढला. त्यात लांब पल्ल्याचे यांत्रिक हात होते आणि डिजिटल ट्विन. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता त्या खड्याकडे. 22 ऑगस्ट 2024 ला दुसऱ्या युनिटमध्ये, म्हणजे दुसऱ्या भट्टीत, काम सुरू व्हायचं होतं. यंत्र म्हणजे गळाच्या काठीसारखी लांबत जाणारी नळी, पूर्ण लांबवली तर 22 मीटर, टोकाला चिमटा. तिला मागून ढकलायला पाच पाइप एकामागून एक जोडायचे. ऐन वेळी लक्षात आलं की पाइपांचा क्रमच चुकलाय. काम थांबलं. 10 सप्टेंबरला पुन्हा सुरू केलं, तर आठवड्याभरात टोकाकडच्या कॅमेऱ्यांचं चित्र येईना. कॅमेरे बदलले, ऑक्टोबर अखेरीस नळी परत आत घातली, 30 तारखेला खडा चिमट्यात आला आणि 7 नोव्हेंबरला डब्यात बंद झाला. बातमी वाचून आमच्या शॉपफ्लोरवर लोक हसले होते. मी हसलो नाही. पार्ट उलटा लावून अख्खी शिफ्ट घालवलेला माणूस आहे मी.

आणि एक गोष्ट बातम्यांत मागे पडली: 3 ग्रॅमपेक्षा मोठा खडा उचलायचाच नाही हे आधीच ठरलेलं होतं, कारण पुढे तो माणसांना हाताळायचा होता. तेव्हा 0.7 ग्रॅम ही त्या यंत्राची कुवत नव्हे. तीन भट्ट्यांत मिळून असा वितळून थिजलेला माल सुमारे 880 टन आहे असा अंदाज आहे. तो कापायचा कशाने आणि ठेवायचा कशात हे ठरवायला आधी चिमूटभर तपासायला तरी मिळायला हवा.

आधीचे रोबोट तर तिथेच मेले. क्विन्स हा पहिल्या काही रोबोटांपैकी एक. ऑक्टोबर 2011 मध्ये त्याची केबल तुटली आणि तो इमारतीतच राहिला. तुम्ही म्हणाल वायरलेस का नाही? जाड काँक्रीटच्या भिंतींतून सिग्नल धड जात नाही, म्हणून शेपटी लागते, आणि शेपटी अडकते. (आमच्याकडेही निम्मे ब्रेकडाउन केबलचेच असतात.) 2017 मध्ये स्कॉर्पियन नावाचा रोबोट दुसऱ्या युनिटमध्ये अडकला तो कायमचा. त्याच्या आधी वाट साफ करायला पाठवलेल्या यंत्राचा कॅमेरा किरणोत्सर्गाने दोनेक तासांत अंधारला. पण त्याच वर्षी जुलैत मान्बो हा पाण्यात पोहणारा, फूटभर लांबीचा रोबोट तिसऱ्या युनिटमध्ये उतरला आणि वितळून खाली ओघळलेल्या मालासारखं काही पहिल्यांदा दिसलं. आधीच्यांनी जीव दिला नसता तर इतकं लहान आणि पोहणारं यंत्र करावं हे सुचलं असतं का, मला शंका आहे.

डिजिटल ट्विन म्हणजे त्या खोलीची कॉम्प्युटरमधली हुबेहूब प्रत. ऑपरेटर तिच्यात तालीम करतो, आणि काम चालू असताना यंत्राचा हात नेमका कुठे आहे ते तिच्यात बघतो, कारण कॅमेऱ्यात पाइपाची एक कड आणि धुकं एवढंच दिसतं. मला रोबोटपेक्षा हा खर्च जास्त पटतो. यंत्र एका भोकापुरतं असतं, ही पद्धत पुढच्या जागीही चालते.

माझी तक्रार वेगळीच आहे. पैसा नमुना म्हणून बनवलेल्या यंत्राला मिळतो. विद्यापीठाने व्हिडिओ दाखवला की टाळ्या. नमुन्यापासून प्रत्यक्ष जागेवर पोचेपर्यंतचं काम, म्हणजे परवानग्या, सुटे भाग, ऑपरेटरचं शिक्षण, बिघडल्यावर बाहेर काढायची सोय, यात कुणाला रस नसतो. फुकुशिमासाठी ब्रिटनमध्ये बनवलेला 22 मीटरचा यांत्रिक हात जुलै 2021 मध्ये जपानला पोचला. 2024 मध्ये खडा निघाला तो साध्या नळीने, हात तेव्हाही चाचण्यांतच होता. ब्रिटनमधल्या सेलाफिल्ड या जुन्या अणुकेंद्राचा आवराआवरीचा खर्च 136 अब्ज पौंडांवर गेलाय, काम 2125 पर्यंत चालणार. तिथेही 2022 मध्ये एका जुन्या तलावात रोबोटांना अवघड पडलेल्या कामासाठी पाणबुडे उतरवले, साठहून अधिक वर्षांनी.

आपल्याकडचं विचाराल तर तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 च्या, प्रत्येकी 160 मेगावॉट. आपल्याकडे भट्ट्या मोडीत काढायच्या निधीसाठी विजेच्या युनिटमागे 2 पैसे बाजूला पडतात. अशी एक भट्टी वर्षभर 80 टक्के क्षमतेने चालली तर साधारण 112 कोटी युनिट वीज, म्हणजे वर्षाला सव्वादोन कोटी रुपये. आमच्याकडे वेल्डिंगची एक बरी लाइन बसवायची तरी याहून जास्त लागतात.