रेंजवर .22 पिस्तूल सारखं अडकतं, रिकॉइल स्प्रिंग बदलून बघू का?

नका बदलू. निदान आज तरी नका.

तुम्ही लिहिलंय की पिस्तूल क्लबचं आहे, पंचवीस मीटरला वापरता, दर दहा-पंधरा राउंडमागे एकदा अडकतं, आणि रेंजवरच्या एका सीनियरनं निदान केलंय: "तुझी ग्रिप ढिली आहे, नाहीतर स्प्रिंग गेली." पण अडकतं म्हणजे नेमकं काय होतं, हे अख्ख्या प्रश्नात कुठंच नाही. पुंगळी, म्हणजे सुटलेल्या गोळीचं रिकामं कवच, चेंबरमध्येच, नळीत गोळी बसते तिथंच, राहते? बाहेर पडता पडता बोल्टमध्ये, म्हणजे दर गोळीला मागं जाऊन रिकॉइल स्प्रिंगनं पुढं येणाऱ्या तुकड्यात, उभी चिमटली जाते? की नवी गोळी आत जाताना नाक वर करून अडते? तिन्हीला आपण जॅमच म्हणतो आणि तिन्हीची कारणं वेगळी. तुम्हाला ते सांगता आलं नाही, कारण अडकलं रे अडकलं की तुम्ही बोल्ट खेचून मोकळे होता. मीही व्हायचे. त्यापायी माझी एक स्टेट, म्हणजे राज्य स्पर्धा, गेली, म्हणून हे लांबण लावतेय.

मी कोल्हापूरची. 2018 ला जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतनं पंचवीस मीटर पिस्तूलचं सुवर्ण शूट-ऑफमध्ये खेचून आणलं आणि पुढच्या काही महिन्यांत आमच्या रेंजवर मुलींची रांग लागली. त्या रांगेत मीही होते. पहिलं वर्ष दहा मीटर एअर पिस्तूलवर गेलं, मग क्लबचं जुनं .22 हातात आलं. सोबत दोन मॅगझिन, दोन्ही दिसायला सारखी. महिन्याभरात ते अडकायला लागलं. सरांना सांगितलं. त्यांनी पिस्तुलाकडे बघितलंही नाही, माझ्या हाताकडे बघितलं. "मनगट ढिलं आहे. डंबेल्स मार." मी डंबेल्स मारले. तीन महिने, सकाळ-संध्याकाळ. मनगट जाड झालं, पिस्तूल अडकतच राहिलं.

मग बालेवाडीला स्टेट. प्रिसिजनचे, म्हणजे सावकाश नेम धरून मारायचे, तीस बरे गेले. रॅपिडमध्ये दिवा तीन सेकंद हिरवा, सात सेकंद लाल, असं पाच वेळा, दर हिरव्याला एक गोळी, हे तुम्हाला माहीतच आहे. चौथ्या सिरीजला पहिली गोळी सुटली आणि दुसरी आत जाताना अडकली. लाल दिवा होता. सात सेकंद म्हणजे त्या क्षणी फार वेळ वाटतो हो! मी डाव्या हातानं बोल्ट खेचला, अडकलेली गोळी खाली पडली, पुढची चढली, आणि हिरव्याला मी वेळेत उचललंसुद्धा. स्वतःवरच खूश झाले. पाचव्या हिरव्याला मॅगझिन रिकामं. पाचच भरता येतात, त्यातली एक पायाशी पडलेली. मग मला हात वर करायचं सुचलं. रेंज ऑफिसर आले आणि त्यांनी एकच विचारलं, बोल्टला हात लावलास का? लावला होता. मग ते मालफंक्शन, म्हणजे पिस्तुलाचा बिघाड, धरलंच जात नाही, न सुटलेल्या गोळीचं शून्य. नळी समोर, पकड तशीच, मोकळा हात वर, एवढंच करायचं होतं. मग त्यांनी अडकलेली गोळी डोळ्यांनी बघितली असती आणि मला सिरीज करायची संधी मिळाली असती. कट-ऑफ सहा गुणांनी हुकला. शून्याऐवजी सात आला असता तरी चाललं असतं.

चूक माझी, कबूल. पण सर लेनच्या मागं येऊन सगळ्यांसमोर काय म्हणाले? "सांगत होतो, मनगट!"

कोल्हापुरात परत आल्यावर बाबा एकदा मला न्यायला रेंजवर आले. उद्यमनगरात त्यांचं लेथचं छोटं शॉप आहे, पिस्तूल जन्मात हातात धरलेलं नाही. मी शेवटची सिरीज मारत होते आणि अडकलं. सवयीनं बोल्टकडे हात गेला तर मागून आवाज आला, "थांब की! मशीन अडली की आधी बघायची, मग खोलायची." पुंगळी नव्हती, नवी गोळी होती. नाक चेंबरच्या वरच्या कडेला टेकलेलं. नळी समोरच ठेवून मोबाइलवर फोटो काढला, मग मॅगझिन उतरवलं, गोळी काढली. .22 ची गोळी नुसतं शिसं, मऊ. जिथं धडकेल तिथं ठसा घेऊन येते. नाकावर वर डावीकडे चंद्रकोरीएवढा खड्डा. दुसऱ्या दिवशी अजून दोन अडकल्या, खड्डा त्याच जागी. गोळ्या हिशेबात परत द्याव्या लागतात, म्हणून फोटोच साठवले.

फोटो बघून बाबांनी दोन्ही रिकामी मॅगझिन मागितली. गॅलरीतल्या ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी धरली आणि खिशातली सहा इंची पट्टी वरच्या ओठांना, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वाकवलेल्या कडांना, लावली. एका मॅगझिनचा डावा ओठ अर्धा मिलिमीटर बाहेर फाकलेला. केव्हातरी कुणाच्या तरी हातून फरशीवर पडलं असणार. ओठ फाकला की गोळी लवकर सुटते, नाक वर उचलतं, बोल्ट तिला तशीच ढकलतो. मी घरून नेलपॉलिश आणलं, एका मॅगझिनला एक ठिपका, दुसऱ्याला दोन. आठवडाभर वहीत लिहिलं. एका ठिपक्याचं एकदाही अडकलं नाही. दोन ठिपक्यांचं सात वेळा.

वही सरांपुढं ठेवली. त्यांनी मॅगझिन बदलून मागवलं, तेवढं खरं. म्हणाले, "तरी मनगटावर काम सोडू नकोस." माझ्या शेजारच्या लेनवरच्या मुलाचं पिस्तूल दोन महिने अडकत होतं, त्याला सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "चेंबर कधी साफ केलंस?" त्याला मनगट नव्हतं बहुतेक.

तर तुमचं. आधी मॅगझिनला खुणा करा. भरताना वरच्या गोळीच्या बुडाची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे राहील असं भरा, नाहीतर .22 च्या कडा एकमेकींत अडकतात आणि बिचाऱ्या पिस्तुलाला शिव्या बसतात. पुंगळी चेंबरमध्येच राहत असेल तर एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या हुकाच्या) नखाखालची काजळी काढा आणि चेंबर बघा. गोळीवरचं मेण आणि जळलेली पावडर मिळून आत कडं तयार होतं, पुंगळी त्यात धरून राहते. हेच कडं दुसरा खेळही करतं: ट्रिगर दाबला की नुसतं टक्, पुन्हा मारलं की सुटते. पहिला फटका गोळीला आत बसवण्यातच वाया जातो. पितळी ब्रश, दोन थेंब सॉल्व्हंट, मग कोरडं फडकं. तेल ओतू नका, त्यात काजळी चिकटून शिरा होतो.

पुंगळी उभी चिमटत असेल तर बोल्ट पुरता मागं जात नाहीये. मळ, गोळ्यांचा कमजोर लॉट किंवा, होय, स्प्रिंग, ती फार कडक असेल तर. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. आधी साफसफाई, मग दुसऱ्या लॉटची एक पेटी, आणि शेवटी आर्मररकडून, म्हणजे पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्याकडून, स्प्रिंग. स्वतः कापू-ताणू नका. मॅगझिनचा ओठ पकडीनं वाकवू तर नकाच, मी प्रयत्न केलाय. आणि "हाय व्हेलॉसिटी मार, सुटेल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आपली मॅच पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटीवर, म्हणजे सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, चालायला बसवलेली असतात. वेगवान गोळीनं बोल्ट आपटून आपटून फ्रेम खराब होते.

हे खरं तर वर लिहायला हवं होतं: टक् वाजून गोळी सुटली नाही तर नळी समोर धरून तीस सेकंद थांबा, उशिरानंही सुटू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथंच थांबा. गोळी नळीत अडकली असू शकते आणि तिच्यामागं दुसरी मारणं म्हणजे हाताशी खेळ. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार तपासल्याशिवाय पुढं नाही. ही दोन प्रकरणं "अडकलं" या शब्दात मोडत नाहीत.

आणि प्रामाणिकपणे, मनगटाचाही भाग असतो. आपली पिस्तुलं ब्लोबॅक, म्हणजे गोळी सुटल्याच्या धक्क्यानंच बोल्ट मागं जातो. फ्रेम घट्ट धरलेली असेल तरच बोल्ट पुरता मागं जातो. थकल्यावर शेवटच्या सिरीजला माझी पकड सैल व्हायची, व्हिडिओत दिसायचं. पण त्यानं पुंगळी चिमटली असती. शिशावर डावीकडे खड्डा मनगटानं पडत नाही.

आठवडाभर खुणा करून मारा, कुठल्या खुणेचं अडकतं ते कमेंटमध्ये लिहा, सोबत अडकलेल्या अवस्थेतला फोटो. जॅम एकाच खुणेचा निघाला तर त्या सीनियरना माझ्या वतीनं विचारा: ग्रिप ढिली असेल, तर ती त्याच मॅगझिनला कशी काय ढिली होते?