चोरून पाळत ठेवायच्या आधी एवढं वाचा

ताई, पंधरा वर्षांची मुलगी रात्री दीड-दोनपर्यंत पांघरुणात मोबाइल बघते, म्हणून तिच्या नकळत लक्ष ठेवणारं ॲप टाकावं का, असं तुम्ही विचारलंय. नका टाकू. मी टाकलं होतं.

सल्ला एका समुपदेशन केंद्राचा. मुलाशी पाच मिनिटंही न बोलता तिथल्या बाई म्हणाल्या, ‘त्याला कळू देऊ नका.’ तीन आठवड्यांनी बॅटरी का उतरते म्हणून तो सेटिंग्ज चाळत होता. यादीत सगळ्यात वर एक अनोळखी नाव. माझ्यासमोर स्क्रीन धरून म्हणाला, ‘हे तू टाकलंस?’ पुढचं जवळजवळ वर्षभर तो ताटात बघून जेवला. मोबाइल कमी झाला नाहीच, मित्राच्या जुन्या फोनवर सुरू झाला. वर्गातली मुलं त्याला ग्रुपवर छळत होती, तेही मला सगळ्यात शेवटी कळलं. केंद्राला फोन केला तर उत्तर आलं, ‘अजून कडक व्हा.’ त्याचा राग आजही जात नाही.

मी तज्ज्ञ नाही, पण माझं मत ठाम आहे. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो, आणि पोरांसमोर काय, तर कधीच न संपणारं स्क्रोल. २००६ मध्ये ते तयार करणाऱ्या अझा रास्किन यांनीच पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला. मग एकट्या पोरीच्या निश्चयावर सगळं कसं सोडायचं? मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या मार्शमॅलोच्या प्रयोगात लहान मुलांसमोर गोड खाऊ ठेवला होता, लगेच न खाता थांबलं तर जास्त मिळणार होता. ज्या मुलांना थांबता आलं, त्यांतली कितीतरी डोळे झाकत होती, तोंड फिरवत होती, गाणी म्हणत होती. म्हणजे मोह नजरेआड केला की आवरणं सोपं जातं.

आम्ही शेवटी तेच केलं. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. माझाही. वेळ त्यानेच ठरवली, साडेदहा. मला दहा हवे होते, पण मी वाद घातला नाही. गजराचं साधं घड्याळ मात्र आधी आणा, नाहीतर ‘अलार्मला लागतो’ म्हणून फोन परत उशाशी येतो.

कुणी धमकावतंय, फोटो मागतंय किंवा ती जिवाचं बरंवाईट करायचं बोलतेय, तर गोष्ट वेगळी. तेव्हा थांबू नका, लगेच मदत घ्या.

आणि ॲप टाकून झालं असेल, तर तिला सापडायच्या आत तुम्हीच सांगा आणि तिच्यासमोर काढा.