५४० वॅटचे सौर पॅनेल आणि पीडब्ल्यूएम कंट्रोलर: दापोलीच्या घरासाठी ही जोडी का घेऊ नये

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी आहे: दापोलीजवळच्या घरी १५० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी आणि तिच्यावर चालणारा साधा इन्व्हर्टर आधीपासून आहे, पावसाळ्यात वीज कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही आणि तेवढ्या काळात चार दिवे, दोन पंखे, वायफाय राउटर आणि मोबाइल चालावेत एवढीच अपेक्षा आहे. दुकानदाराने ५४० वॅटचे एक सौर पॅनेल आणि २० अँपिअरचा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारे उपकरण, सुचवला आहे, आणि ही जोडी योग्य आहे का, असे तुम्ही विचारले आहे. पॅनेल योग्य आहे. त्या कंट्रोलरबरोबर मात्र ते घेऊ नका.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे मुळात अतिशय वेगाने उघडझाप करणारा स्विच. तो पॅनेल थेट बॅटरीला जोडतो, आणि जोडल्याक्षणी पॅनेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, बॅटरीच्या दाबापर्यंत खाली ओढला जातो. ५४० वॅटचे पॅनेल म्हणजे साधारण ४१.५ व्होल्ट गुणिले १३ अँपिअर. हे १३ अँपिअर बॅटरीला मिळतात, पण दाब बॅटरीचाच, म्हणजे १३.५ व्होल्टच्या आसपास राहतो. गुणाकार केला तर हाती १७५ वॅट येतात. पैसे ५४० वॅटचे मोजायचे आणि कडक उन्हातसुद्धा त्याच्या एक तृतीयांश काम घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. शिवाय या पॅनेलचा मोकळा दाब, म्हणजे काहीही न जोडता मोजलेला दाब, ४९ ते ५० व्होल्ट असतो, आणि पुष्कळ स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरना तो सोसत नाही. एमपीपीटी नावाचा दुसऱ्या प्रकारचा कंट्रोलर मात्र पॅनेलला त्याच्या सोयीच्या दाबावर चालू देतो आणि जास्तीच्या दाबाचे जास्तीच्या प्रवाहात रूपांतर करतो. चांगल्या उपकरणात या कामी पाच टक्क्यांच्या आसपासच घट येते.

यावरून पीडब्ल्यूएम वाईटच, असा समज मात्र करून घेऊ नका. ज्याला बाजारात '१२ व्होल्टचे पॅनेल' म्हणतात ते ३६ सेलचे, म्हणजे वीज तयार करणाऱ्या ३६ चकत्यांचे, असते आणि त्याचा काम करतानाचा दाब १८ व्होल्ट असतो. आपल्याकडच्या उन्हात सेलचे तापमान ६० अंशांपर्यंत सहज जाते, आणि तेव्हा हा दाब साडेपंधरा व्होल्टवर उतरतो. म्हणजे बॅटरीच्या दाबापेक्षा तो जेमतेम दोन व्होल्टांनी जास्त उरतो, आणि तेवढ्यासाठी एमपीपीटीवर खर्च करण्यात फारसा अर्थ नसतो. आमच्या गोठ्यावर १०० वॅटचे असे एक पॅनेल पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर कितीतरी वर्षे दोन दिवे बिनतक्रार चालवत आहे. १५०-२०० वॅटपर्यंत, ३६ सेलचे पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी एवढाच कारभार असेल तर पीडब्ल्यूएम निवडावा. त्यापुढे गेलात की वॅटमागे स्वस्त पडणारी मोठी पॅनेलेच परवडतात, आणि त्यांना एमपीपीटीशिवाय गत्यंतर नाही.

आता तुमचा खरा हिशेब. पॅनेल ठरवण्याआधी रोजचा वापर ठरवायला हवा, आणि तिथे तुमचे जुने पंखे आड येतात. ७५ वॅटचे दोन पंखे रात्रीचे आठ तास चालले तर १२०० वॅट-तास लागतात. तुमच्या बॅटरीत छापील १८०० वॅट-तास असले तरी तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मेच, म्हणजे ९०० वापरावेत. याचा अर्थ नुसते पंखेच बॅटरीला पुरून उरतात. ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे लावले तर तेच काम ४८० वॅट-तासांत होते. म्हणून पहिला खर्च पॅनेलवर न करता पंख्यांवर करा, असा माझा आग्रह आहे. पंखे बदलल्यावर नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, १२ वॅटचा राउटर दिवसभर आणि मोबाइल धरून बेरीज हजार वॅट-तासांच्या आसपास येते. त्यात इन्व्हर्टर नुसता चालू ठेवल्याबद्दल स्वतः खातो ते दहा-बारा वॅट मिळवले की रोजचे १३०० होतात. राउटर थेट बॅटरीवरून छोट्या डीसी कन्व्हर्टरवर चालवला आणि दिवसा इन्व्हर्टर बंद ठेवला, तर यातले दोनशे सहज वाचतात.

धूळ, उष्णता, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांतली घट जमेस धरून मी पॅनेलच्या छापील क्षमतेचे ६० टक्केच हाती येतात असे मानतो. ऑक्टोबर ते मे या काळात पूर्ण तीव्रतेचे ऊन दिवसाला पाच तास धरले तर १३०० वॅट-तासांसाठी ४३० वॅटचे पॅनेल पुरते; पावसाळ्यात तीनच तास धरले तर ७२० वॅट लागतात. तुमचे ५४० वॅट या दोन्हींच्या मधले आहे आणि थोड्या काटकसरीवर पावसाळाही निभावेल. सलग झड लागली आणि दिवसभर अंधारून राहिले तर मात्र कोणतेही पॅनेल फार काही देत नाही. अशा वेळी बॅटरीत एका रात्रीचा साठा आहे हे लक्षात ठेवून एकाच पंख्यावर भागवावे लागेल.

पॅनेल बॅटरीच्या मानाने मोठे होत नाही का, अशी शंका येणे साहजिक आहे. ट्यूब्युलर बॅटरीला तिच्या क्षमतेच्या सुमारे दहा टक्के प्रवाहाने चार्ज करावे, म्हणजे तुमच्या बॅटरीला १५ अँपिअर. फार तर २०. एप्रिलच्या उन्हात हे पॅनेल ३० अँपिअरच्या वर देऊ पाहील, म्हणून ३० अँपिअरचा एमपीपीटी घ्या आणि त्याच्या सेटिंगमध्ये कमाल प्रवाह २० वर बांधून टाका. प्रवाहाची मर्यादा बदलता येत नाही असा कंट्रोलर तुमच्या कामाचा नाही. उन्हाळ्यात पॅनेलची काही क्षमता वाया जाईल, पण जुलैमध्ये मळभ असताना, ऊन तीस टक्क्यांवर आलेले असतानाही, तेच पॅनेल दहा-अकरा अँपिअर देत राहील. कोकणात पॅनेल मोठे घ्यायचे ते याच दिवसांसाठी.

तुम्ही घराभोवती माड आणि पोफळी असल्याचे ओझरते लिहिले आहे, पण माझ्या मते निवडीत याला सर्वांत जास्त वजन आहे. एका परिचितांच्या आवारात ३६ सेलच्या पॅनेलवर क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारे यंत्र, लावून मी उभा होतो. प्रवाह सात अँपिअर होता. वाऱ्याने माडाची एक झावळी हलली, तिच्या टोकाची सावली खालच्या दोन सेलांवर पडली आणि आकडा एका अँपिअरच्या खाली गेला. बाकीचे सगळे पॅनेल लख्ख उन्हात होते. सेल एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे झाकलेला सेल सगळ्यांचा प्रवाह अडवतो. असा गट वगळून प्रवाह पुढे नेण्यासाठी बायपास डायोड असतात, पण ३६ सेलच्या पॅनेलमध्ये ते सहसा दोनच असतात. निम्मे पॅनेल वगळले की उरतात नऊ व्होल्ट, आणि त्यावर १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत नाही. ५४० वॅटच्या पॅनेलमध्ये असे तीन भाग असतात. एक भाग पूर्ण गेला तरी २७ व्होल्ट उरतात, आणि एमपीपीटी त्यातूनही काम चालू ठेवतो. म्हणून बागेतल्या घराला मोठे पॅनेल आणि एमपीपीटी ही जोडी दुप्पट उपयोगाची आहे. तरीही जागा निवडताना सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात सावली कुठून कुठे सरकते ते एक दिवस प्रत्यक्ष बसून पाहाच.

कंट्रोलरवर '१००/३०' असे आकडे असतात. पहिला पॅनेलच्या बाजूचा कमाल दाब, दुसरा बॅटरीच्या बाजूचा कमाल प्रवाह. एका पॅनेलला १०० व्होल्टची मर्यादा भरपूर झाली. पुढे कधी दुसरे पॅनेल जोडावेसे वाटले तर मात्र ते याच कंट्रोलरवर एकामागोमाग जोडू नका. ४९.५ व्होल्टच्या दोन पॅनेलांची बेरीज ९९ होते आणि कागदावर ती बसते, पण हा आकडा २५ अंश तापमानाचा असतो आणि थंडीत दाब वाढतो. निफाडसारख्या ठिकाणी जानेवारीच्या पहाटे पारा पाच अंशांवर येतो, तेव्हा हीच बेरीज १०४ च्या पुढे जाते आणि सूर्य उगवता उगवता कंट्रोलर निकामी होतो. दापोलीची थंडी तेवढी नसली तरी एका व्होल्टच्या अंतरावर कोणी विसंबू नये.

खरेदी करताना एक फसवणूक सांभाळा. पेटीवर ठळक अक्षरांत एमपीपीटी छापलेला एक स्वस्त कंट्रोलर मीही एकदा घेतला होता. उन्हात जोडून मल्टिमीटर लावला तेव्हा बॅटरीवर १३.१ आणि पॅनेलच्या टोकांवर १३.४ व्होल्ट दिसले, म्हणजे आत निव्वळ पीडब्ल्यूएम होता. खऱ्या एमपीपीटीत, बॅटरी भरलेली नसताना, पॅनेलच्या बाजूला ३५ ते ४० व्होल्ट दिसतात आणि बॅटरीच्या बाजूचा प्रवाह पॅनेलच्या प्रवाहाच्या अडीच-तीन पट असतो. वजनावरूनही अंदाज येतो: ३० अँपिअरच्या खऱ्या उपकरणात तांब्याचे जाड वेटोळे आणि ॲल्युमिनियमचे भरभक्कम अंग असते, मोबाइलएवढ्या वजनाची डबी ते काम करूच शकत नाही.

सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार निवडून शोषण टप्पा, म्हणजे बॅटरी पूर्ण भरतानाचा दाब, १४.४ आणि फ्लोट, म्हणजे भरल्यावर तिला तशीच राखण्याचा दाब, १३.६ व्होल्टच्या आसपास ठेवा, आणि बॅटरीच्या कागदावर वेगळे आकडे असतील तर तेच प्रमाण माना. पुढे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतलीत तर इक्वलायझेशन, म्हणजे अधूनमधून मुद्दाम जास्त दाबाने चार्ज करण्याची सोय, न विसरता बंद करा.

पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत दहा मीटर अंतर असेल तर चार चौरस मिलिमीटरची सोलर केबल पुरेल. १३ अँपिअरला जाऊन-येऊन सव्वा व्होल्टच्या आसपास जातो आणि ४१ व्होल्टांत तो खपून जातो. कंट्रोलर मात्र बॅटरीच्या अगदी जवळ बसवा, तिथली केबल दहा चौरस मिलिमीटरची घ्या आणि बॅटरीच्या धन टोकापासून हातभर अंतराच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज टाका. पॅनेलच्या बाजूला डीसीसाठीचाच एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच, हवा. घरातला साधा एसी एमसीबी डीसीची ठिणगी तोडू शकेल याची खात्री नसते. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.

हे पॅनेल सव्वादोन मीटरहून लांब आणि २८ किलोच्या आसपास असते, म्हणून ते कौलांवर चढवू नका. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली-मंडणगड भागात छपरांचे काय झाले ते तुम्ही पाहिलेच असेल. खळ्याच्या कडेला काँक्रीटच्या पायात गाडलेले, गरम जस्त चढवलेले लोखंडी स्टँड करा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे वापरा आणि तोंड दक्षिणेकडे करून पंधरा अंशांचा उतार द्या. समुद्र जवळ असल्यामुळे पॅनेलने आयईसी ६१७०१ ही खाऱ्या हवेची चाचणी पार केलेली आहे का, हे माहितीपत्रकात पाहा.

पैसे देण्यापूर्वी पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचा मोकळा दाब, कंट्रोलरवरचे दोन्ही आकडे आणि घरापासून खळ्यापर्यंतचे अंतर कळवा. केबलची जाडी आणि फ्यूज मी पुन्हा मोजून सांगेन.